पंख तुटला, दोष पावसाळ्यावर

ऑक्टोबर 1944. बंगालमधल्या सरावाच्या रेंजवर ब्रिटिश हवाई दलाच्या 82 स्क्वाड्रनचं एक मॉस्किटो विमान उडत होतं. आसपास जपानी विमान नव्हतं, खालून तोफाही डागल्या जात नव्हत्या. तरीही हवेतच त्याचा अर्धा पंख तुटून वेगळा झाला. वैमानिक आणि शेजारी बसलेला नॅव्हिगेटर, दोघेही गेले. मॉस्किटोत माणसं दोनच असत. त्या हंगामात या भागात असे आणखीही अपघात झाले आणि नोव्हेंबरमध्ये इथल्या मॉस्किटोंची उड्डाणं थांबवावी लागली.

मॉस्किटो लाकडाचं होतं. युद्धात ॲल्युमिनियमची चणचण, पण सुतार, फर्निचरवाले, पियानो बनवणारे मात्र रिकामे, असा त्यामागचा हिशेब होता. धड म्हणजे बर्चच्या प्लायवूडचे दोन पातळ थर आणि मधे हलकंफुलकं बाल्सा लाकूड. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध, जवळजवळ साडेसोळा मीटरचा. आत स्प्रूस लाकडाच्या पट्ट्या चिकटवून केलेल्या लांब तुळया आणि वरून प्लायवूडची कातडी. स्क्रू होते, पण खरा भार पेलायचा तो चिकटवलेल्या सांध्यांनी. सुरुवातीला वापरलेला चिकटा होता केसीन, म्हणजे चक्क दुधातलं प्रथिन. साय काढलेलं दूध नासवून जो चोथा उरतो, त्यात चुना वगैरे घालून तो करत. कोरड्या हवेत हा चिकटा उत्तम टिकतो. दमट हवेत तो मऊ पडतो आणि बुरशीला तर ते आयतं जेवणच. पुढे युरिया-फॉर्माल्डिहाइडचा कृत्रिम चिकटा आला.

त्यामुळे संशय आधी चिकट्यावर गेला, मग पावसाळ्यावर. वाळवीवरसुद्धा गेला. त्यात तथ्य वाटण्यासारखं होतंच. जुलैत आपलं दार चौकटीत अडकतं आणि दिवाळीनंतर आपोआप सुटतं, ते कशामुळे? लाकूड ओल शोषून फुगतं, पण सगळीकडे सारखं नाही. धाग्याच्या लांबीत ते जवळपास तेवढंच राहतं, आडव्या दिशेने मात्र काही टक्के वाढतं. प्लायवूडमध्ये थर एकमेकांना आडवे असल्याने ते फारसं हलत नाही, भरीव स्प्रूस हलतं. दोन्ही एकमेकांना चिकटवलेली असली की ओढाताण होते, आणि ती सगळी सांध्यावर येते.

आता पंखावरचा जोर बघा. सूर मारून विमान वर खेचताना पंखाला विमानाच्या वजनाच्या कित्येक पट भार उचलावा लागतो, आणि भरलेलं मॉस्किटो 9-10 टनांचं. पंख वर वाकतो, त्यामुळे वरची कातडी दाबली जाते. एक पोस्टकार्ड उभं धरून दोन्ही टोकांनी दाबा, लगेच वाकेल. तेच कार्ड जाड पट्टीला चिकटवा, मग दाबून दाखवा! कातडी तुळईपासून सुटली की तिचं पुन्हा नुसतं पोस्टकार्ड होतं. मग पंख तुटायला कितीसा वेळ लागणार?

चौकशीला भारतात आले मेजर हेरेवर्ड द हॅविलंड. विमान बनवणाऱ्या कंपनीच्या संस्थापकाचे ते सख्खे भाऊ. डिसेंबर 1944 मधला त्यांचा निष्कर्ष असा की चिकटा खराब झालेला नाही, पावसाळी हवेत लाकडाचा सांगाडा आक्रसला. हवाई मंत्रालयाने तो उचलून धरला. घरच्याच माणसाने घरचा माल तपासावा, हे मला तरी खटकतं.

पण नंतरच्या तपासांनी बोट कारखान्याकडे दाखवलं: चिकटवलेल्या सांध्यांत मुळातच फटी राहिल्या होत्या. इंग्लंडात डेफर्डला तपासलेल्या सहा प्रकारच्या मॉस्किटोंमध्ये तशाच खोटी सापडल्या, आणि त्या विमानांनी ना मान्सून पाहिला होता ना वाळवी. ती बांधली गेली होती कंपनीच्याच हॅटफील्ड आणि लीव्ह्‌सडेन इथल्या कारखान्यांत. या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. भारतातलीच विमानं तपासत बसलं असतं, तर प्रत्येक फटीचं खापर पावसावर फोडता आलं असतं. पाऊस न पाहिलेल्या विमानातही तीच फट निघाली, तेव्हा ती पळवाट उरली नाही.

फट का घातक, हे कुठलाही सुतार सांगेल. चिकट्याचा थर पातळ हवा, दोन्ही तुकडे नीट बसायला हवेत आणि सुकेपर्यंत दाब कायम हवा. मधली पोकळी चिकटा ओतून बुजवली, तर तो जाड थर सुकताना आकसून तडकतो. दिसायला सांधा जुळलेला, आतून सुटलेला. असा पंख दमट उन्हात उभा राहिला की उरलेली पकडही ढिली होत जाणार. म्हणजे हवामान अगदीच निर्दोष नव्हतं, पण खोट त्याने केली नव्हती.

पाणी आत झिरपू नये म्हणून पुढे पंखाच्या कातडीच्या जोडावर लांबच लांब प्लायवूडची पट्टी बसवली गेली. मॉस्किटोचा वारसदार हॉर्नेट, त्याच्या पंखाला खालून ॲल्युमिनियमची कातडी होती आणि ती लाकडाला रेडक्स या नव्या चिकट्याने जोडली होती. तो पुढे मलायाच्या दमट हवेत अनेक वर्षं उडाला.