मेट्रो आली, भाडं वाढलं

माझा भाचा सांगलीचा. पुण्यात कोथरूडला, वनाज मेट्रो स्टेशनपासून सात मिनिटांवर भाड्याने राहायचा, नोकरी कल्याणीनगरला. अकरा महिन्यांचा करार संपला आणि मालकांनी भाडं तीन हजारांनी वाढवून मागितलं. फ्लॅट तोच, गळका नळही तोच. कारण विचारलं तर उत्तर तीन शब्दांचं : ‘मेट्रो आलीय ना.’

मालकांना अर्थशास्त्र येत नसेलही, पण बोलले ते शास्त्राला धरूनच. भाडं देताना आपण जागेबरोबर प्रवासातला वेळही विकत घेत असतो, हे अर्थशास्त्रज्ञ विल्यम अलोन्सो यांनी १९६४ साली मांडलं. समजा, मेट्रोमुळे रोज एक तास वाचला आणि तासाचे तुम्ही १०० रुपये धरले. महिन्याच्या २५ दिवसांचे २,५०० झाले. म्हणजे भाडं तेवढं वाढलं तरी तुमचं काही बिघडत नाही. पण स्टेशनपासून चालत जाता येईल अशी घरं मोजकी आणि मागणारे ढीगभर. त्या ओढाताणीत ते अडीच हजार तुमच्या खिशातून मालकाच्या खिशात जातात. शिवाय ज्याच्या तासाची किंमत ३०० रुपये, तो तुमच्याहून जास्त भाडं हसत देतो. वस्ती बदलायला लागते ती इथून.

या बदलाला लंडनच्या समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी ‘जेंट्रिफिकेशन’ असं नाव दिलं, तेही नेमकं १९६४ सालीच. कामगारांच्या जुन्या घरांत मध्यमवर्गीय येऊन राहू लागल्याचं त्यांनी टिपलं होतं. पण मेट्रो आली की गरीब लगेच बाडबिस्तरा उचलतात, असंही नाही. संशोधक लान्स फ्रीमन यांच्या २००५ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात असं दिसलं की, अशा वस्त्यांत जुने लोक निघून जाण्याचं प्रमाण फारसं वाढत नाही. बदलतात ते रिकाम्या घरात नव्याने येणारे. मला हे जास्त पटतं, कारण भांडण न होता वस्ती बदलते. स्वतःचं घर असलेल्याचा तर फायदाच होतो. झळ बसते ती भाडेकरूला, आणि पुण्यात मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत ४ पर्यंत एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकाम, मिळू शकत असल्याने जुन्या दुमजली इमारतींतल्या भाडेकरूला जास्तच; ती पाडून उंच इमारत बांधणं मालकाला परवडतं.

सांगलीत मेट्रो नाही. मिरजेला वडापने, म्हणजे शेअर गाडीने जायचं. पण जागेचं गणित इथेही तेच आहे, फक्त वेळेच्या जागी पाणी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. गावभाग, मारुती चौक पाण्याखाली गेले. तेव्हापासून घर बघायला गेलेला माणूस आधी विचारतो, ‘२०१९ला पाणी कुठवर आलं होतं?’ दर त्यानंतर. अमेरिकेत मायामीतही उंचावरच्या जागांचे भाव असेच जास्त वेगाने चढल्याचं २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं. तिथल्या उंचावरच्या काही वस्त्या गरिबांच्या आहेत, म्हणजे झळ पुन्हा त्यांनाच.

भाच्याने करार केला नाही. आता तो शहराच्या कडेला, शिवणे भागात राहतो, सकाळी गाडी काढून वनाजला येतो आणि ती लावायला जागा शोधत फिरतो.