चार्जिंग टिकवणे (स्मार्टफोन)

स्मार्टफोनच्या घटात (बॅटरीत) एकदा भरलेली वीज पुढच्या वेळी फोन लावेपर्यंत अधिक काळ पुरावी म्हणून जे उपाय केले जातात, त्यांना मिळून हे नाव आहे. प्रमाण मराठीत चार्जिंग ही क्रिया. मराठवाड्याच्या रोजच्या बोलण्यात मात्र तो साठाही आहे. चार्जिंग उतरते, संपते, कुणाची टिकते, कुणाची टिकत नाही. ‘बॅटरी’ म्हटले की जुन्या माणसांना अजूनही हातातली विजेरीच आठवते. २००३ साली आलेल्या नोकिया ११०० या फोनमध्ये विजेरी आणि घट एकाच डबीत आल्याने दोन्ही अर्थ एकत्र नांदू लागले.

एका भरणीवर फोन किती तास चालतो हा एक प्रश्न. घट किती वर्षे मूळ क्षमतेजवळ राहतो हा दुसरा. लोकप्रिय सल्ल्यांत या दोहोंची सरमिसळ होते. पडद्याचा उजेड कमी केल्याने पहिला प्रश्न सुटतो, फोन उन्हातून सावलीत आणल्याने मुख्यतः दुसरा. पण दुसऱ्याकडे दुर्लक्ष झाले की दोन वर्षांत पहिलाही हाताबाहेर जातो.

घटाचा उगम : आजच्या बहुतेक स्मार्टफोनमध्ये लिथियम-आयन घट असतो. त्याचे जनकत्व कोणाकडे द्यावे यावर एकमत नाही. स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी १९७० च्या दशकात एक्सॉन कंपनीत टायटॅनियम डायसल्फाइड आणि धातुरूप लिथियम वापरून पुन्हा भरता येणारा घट केला. धातुरूप लिथियम पेट घेण्याचा धोका असल्याने तो बाजारात फार पुढे गेला नाही. १९८० च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी (यांत कोइची मिझुशिमा यांचे नाव आवर्जून घेतले पाहिजे) लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचे धनाग्र, म्हणजे घटाचे धन टोक, दाखवले. त्याच सुमारास रशीद याझामी यांनी ग्रॅफाइटमध्ये लिथियम आत-बाहेर करता येते हे सिद्ध केले. अकिरा योशिनो यांनी जपानमध्ये असाही कासेई येथे धातुरूप लिथियम पूर्णपणे वगळून कोबाल्ट ऑक्साइड आणि कार्बन यांची जोडी जुळवली. हा टप्पा साधारणतः १९८५ चा मानतात. सोनी कंपनीने १९९१ मध्ये घट बाजारात आणला. २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांना विभागून मिळाले. एका पुरस्कारात तिघांहून अधिक नावे बसत नाहीत, त्यामुळे याझामी बाहेर राहिले आणि वाद तेवढ्यापुरता मिटल्यासारखा दिसला. सुरक्षितपणे वापरता येणारा घट हा निकष धरला तर १९८५ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. केवळ तत्त्व पाहिले तर व्हिटिंगहॅम यांच्याकडेच जावे लागते.

‘आधी पूर्ण उतरू द्या’ : नवा फोन घेतला की आठ-बारा तास सलग लावून ठेवा, आणि चार्जिंग पूर्ण उतरल्याशिवाय पुन्हा लावू नका, हा सल्ला अजूनही गावोगावच्या मोबाईल दुकानांत मिळतो. त्याचे मूळ निकेल-कॅडमियम घटांत आहे. असे घट वारंवार ठराविक पातळीपर्यंतच वापरले तर पुढे त्या पातळीच्या खाली त्यांचा विद्युतदाब घसरतो. याला स्मृती परिणाम म्हणतात. हे नाव अवकाशयानांतील घटांवरून पडले, असे सामान्यतः सांगितले जाते : संगणकाच्या नियंत्रणामुळे ते घट दर वेळी जवळजवळ नेमक्या एकाच पातळीपर्यंत उतरवले जात होते. काही अभ्यासकांच्या मते जमिनीवरच्या वापरात इतकी काटेकोर पुनरावृत्ती घडतच नाही, आणि लोक ज्याला स्मृती परिणाम समजतात तो बहुतेकदा अतिभरणीमुळे होणारा विद्युतदाबाचा घसारा असतो. हे मत अधिक पटण्यासारखे आहे.

लिथियम-आयन घटांत स्मृती परिणाम नाही, असे बराच काळ सरसकट लिहिले जाई. २०१३ मध्ये स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर इन्स्टिट्यूट आणि टोयोटाच्या संशोधकांनी लिथियम आयर्न फॉस्फेट घटांत त्याचा सूक्ष्म अंश दाखवला. शोध महत्त्वाचा, पण फोनधारकाने त्यावरून काही बदलावे असे नाही. फोनमध्ये बहुधा कोबाल्टवर आधारलेले धनाग्र असते, आणि दिसलेला परिणाम मुख्यतः किती वीज उरली याच्या अंदाजात चूक घडवणारा होता. अधूनमधून घट पूर्ण उतरवून भरल्याने फोनवरचा टक्क्यांचा आकडा जागेवर येतो. घट सुधारत नाही. उलट लिथियम-आयन घटाला दोन्ही टोके मानवत नाहीत. शंभर टक्के भरलेल्या अवस्थेत विद्युतदाब ४.२ व्होल्ट किंवा त्याहून अधिक असतो, आणि तसाच तापलेला राहिल्यास आतील रसायनांची झीज वाढते. म्हणून अनेक फोनमध्ये भरणी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय दिलेली असते. वीस ते ऐंशीच्या दरम्यान ठेवण्याचा प्रचलित नियम यावरूनच आला. तो आयुष्याचा नियम आहे, दिवसभर पुरवण्याचा नव्हे. सकाळी रानात जाणाऱ्याने ऐंशीवर फोन काढण्यात शहाणपण नाही.

वीज कुठे जाते : ५,००० मिलीअँपिअर-तासांच्या घटात सरासरी ३.८५ व्होल्टला सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा असते. वापरात तिचा मोठा वाटा पडदा आणि रेडिओ (म्हणजे फोनचा टॉवरशी बोलणारा भाग) यांना लागतो. काळ्या पार्श्वभूमीबद्दल अतिशयोक्ती फार झाली आहे. एलसीडी पडद्यामागचा दिवा चित्र काळे असले तरी जळतच राहतो, त्यामुळे तेथे जवळपास काहीच वाचत नाही. ओलेड पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, म्हणून काळा ठिपका बंद असतो. तरी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ मधील अभ्यासात उजेड ३० ते ५० टक्के असताना काळ्या पार्श्वभूमीने सरासरी ३ ते ९ टक्केच वीज वाचली. उजेड शंभर टक्के केला तेव्हा बचत ३९ ते ४७ टक्क्यांवर गेली. उन्हात पूर्ण उजेडावर फोन पाहणाऱ्याला हा दुसरा आकडा लागू पडतो, खोलीत बसलेल्याला पहिला.

रेडिओचे गणित कमी लोकांना ठाऊक असते. टॉवर जितका लांब, तितक्या जोराने फोनला बोलावे लागते. फोर-जी फोन कमाल सुमारे ०.२ वॅट शक्तीने प्रक्षेपण करतो, आणि तेवढे बाहेर टाकण्यासाठी घटातून त्याच्या काही पट वीज ओढतो. रेंज अजिबात नसली तर फोन पुन्हा पुन्हा टॉवर शोधत राहतो. दोन सिम असल्यास हा शोध दोनदा चालतो. ज्या सिमला त्या भागात रेंज नाही ते तात्पुरते बंद करणे, फाइव्ह-जी येत-जात असल्यास फोर-जीवर ठेवणे आणि रेंजच नसेल तर विमान मोड लावणे हे तीन उपाय इतर अनेक युक्त्यांपेक्षा भारी ठरतात.

मागे उघडी राहिलेली अॅप सतत बोटाने उडवत राहण्याची सवय निरुपयोगी आहे. अॅप नव्याने उघडायला अधिक वीज लागू शकते. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ बरोबर आलेल्या डोझ या व्यवस्थेपासून पडून असलेल्या फोनमधील अॅप आपोआप झोपवली जातात.

मराठवाड्यातील परिस्थिती : येथे दोन गोष्टी निर्णायक आहेत, ऊन आणि रेंज. एप्रिल-मेमध्ये परभणी, नांदेड भागात पारा ४३-४४ अंशांवर जाणे नवलाचे नाही. अॅपल कंपनी आपले फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्याची शिफारस करते. म्हणजे येथील उन्हाळ्याची दुपार मुळातच मर्यादेबाहेरची. पत्र्याच्या घरात, मोटारसायकलच्या टाकीवरच्या पिशवीत किंवा जीपच्या काचेमागे फोन त्याहूनही तापतो. तापलेला फोन चार्जिंगला लावणे सर्वांत वाईट. माठावर किंवा फ्रिजमध्ये ठेवून तो गार करणेही बरे नाही, कारण आत दव धरते. घट फुगून मागचे झाकण उचलले गेले असेल तर तो बदलण्यावाचून इलाज नसतो.

बालाघाटच्या दऱ्यांत आणि किनवट-माहूरच्या डोंगरात रेंज तुटक मिळते. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, राहणाऱ्यांना लाईटचाही भरवसा नसतो. शेतीपंपांची थ्री-फेज वीज पाळीने येते, कधी रात्री, आणि त्या पाळीतच फोन लावला जातो. बीड जिल्ह्यातील परळीचे औष्णिक वीजकेंद्र पाण्याअभावी २०१३ आणि २०१५ मध्ये बंद ठेवावे लागले होते. मात्र केंद्र शेजारी असल्याने गावाला वीज अधिक मिळते असे नाही, ती राज्याच्या जाळ्यातून फिरून येते.

दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणारे ऊसतोड कामगार कोप्यांवर, म्हणजे फडाजवळच्या झोपड्यांवर, ट्रॅक्टरची बॅटरी, लहान सौर पाटी किंवा जवळचे हॉटेल यांवर भागवतात. पॉवर बँकेचा प्रसारही बराच आहे. तिच्यावर छापलेले १०,००० मिलीअँपिअर-तास हे आतल्या ३.७ व्होल्टच्या घटांचे असतात. दाब वाढवताना आणि भरताना होणारी गळती धरली तर ५,००० चा फोन दोनदा नव्हे, सव्वा ते दीड वेळाच भरतो. गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यातली बरीच भांडणे या एका गुणाकाराची आहेत.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी (शेतकऱ्याने फोनवरच्या अॅपमधून स्वतः पिकाची नोंद करणे) सुरू झाल्यापासून भर दुपारी शेतात फोन चालू ठेवण्याला नवे कारण मिळाले. पडदा पूर्ण उजेडावर, स्थाननिश्चिती (जीपीएस) चालू, कॅमेरा चालू आणि रेंज अर्धवट, असे चारही खर्च तेथे एकत्र येतात. पिकाचा फोटो बांधावर काढून अपलोड नंतर रेंजमध्ये आल्यावर करणे सोयीचे पडते.