ड्रॅगन, नाग आणि कोकणातला राखणदार

ड्रॅगन म्हटलं की पोरांच्या डोळ्यासमोर आग ओकणारा, पंखवाला प्राणी येतो, पण ती युरोपची गोष्ट झाली. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात ड्रॅगन म्हणजे थेट सैतान, आणि मध्ययुगात सेंट जॉर्जने ड्रॅगन मारल्याची कथा इतकी पसरली की ड्रॅगन दिसला की मारायचाच असं ठरून गेलं. चीनमध्ये बरोब्बर उलटं. तिथे तो पावसाचा नि नद्यांचा धनी, दुष्काळात त्याला साकडं घालायचे, आणि पाच नखांचा ड्रॅगन बादशहाची खूण, छिंग राजवटीने तर १८८९ मध्ये तो देशाच्या झेंड्यावरच घेतला.

आपल्याकडे दोन्ही सापडतं. ऋग्वेदात वृत्र नावाचा सर्परूपी असुर पाणी अडवून बसतो म्हणून इंद्र त्याला मारतो. पण कृष्ण कालियाला जिवंत सोडतो, फक्त यमुनेतून समुद्रात जायला सांगतो, आणि महाभारतात राजा जनमेजयाचं सर्पसत्र, म्हणजे सगळे साप जाळायचा यज्ञ, आस्तिक ऋषी मध्येच थांबवतो.

कोकणाने ही दुसरी वाट धरली असं मला ठाम वाटतं. सिंधुदुर्गात नि गोव्यात सातेरी देवीच्या कितीतरी देवळांत गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी वारूळ पूजतात. वारूळ म्हणजे नागाचं घर आणि तीच भूमी, तीच देवी. बागेत जुना नाग दिसला तर म्हातारी माणसं हात जोडून म्हणतात, राखणदार आहे, जाऊ दे त्याला. वर्षातून एकदा नारळ नाहीतर कोंबडा देऊन राखण द्यायची, मग तो बाग सांभाळतो. नागपंचमीला गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात तिथून, मातीचा नाग आणायचा, जमीन खणायची नाही, विळीवर चिरायचं नाही, तवा चढवायचा नाही, म्हणून तर नैवेद्याला हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या, आणि हे सगळं श्रावणात, भाताची लावणी उरकून शेत पाण्याने भरलेलं असताना, त्यामुळे पाऊस, जमीन नि नाग हे नातं चीनच्या ड्रॅगनला फार जवळचं वाटतं.

राजसत्तेचा प्राणी मात्र आपल्याकडे वेगळा. मुरूडच्या जंजिऱ्याच्या मुख्य दरवाज्याजवळ भिंतीत शरभ हा काल्पनिक प्राणी कोरलाय, वाघासारखा, पंजात हत्ती दाबून धरलेले. रायगडावरही शरभ आहे, म्हणजे जंजिऱ्याचे सिद्दी नि मराठे एकमेकांशी आयुष्यभर लढले पण दरवाज्यावर ताकद दाखवायला दोघांनी प्राणी एकच निवडला.