बर्किट लिम्फोमा: नागपुरात उपचारासाठी कोणते कागद, कुठे न्यायचे

मुलाच्या पोटात गाठ लागली किंवा जबडा एकाएकी सुजला, आणि बायॉप्सीत (गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत) 'बर्किट लिम्फोमा' निघालं, तर आधी भरती करा, कागद मागून. लसिका संस्थेचा, म्हणजे शरीरातल्या लसिका ग्रंथींच्या जाळ्याचा, हा कॅन्सर दुर्मीळ, पण त्याच्या पेशी एक-दोन दिवसांत दुप्पट होतात. रेशनकार्डाच्या दुरुस्तीपायी आठवडा घालवणं परवडणारं नाही. केमो (कॅन्सरवरची औषधं) वेळेत सुरू झाली तर बहुतेक मुलं बरी होतात.

खर्चाचा मुख्य आधार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. पांढरं रेशनकार्डही आता चालतं. मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) असो, तुकडोजी चौकाजवळचं कॅन्सर हॉस्पिटल असो की जामठ्याचं, लहान मुलाची केमो तिथे योजनेत होते का, हे पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, विचारा. वेगळा अर्ज भरायचा नसतो. रेशनकार्ड, आधार आणि बायॉप्सीचा रिपोर्ट त्याच्या टेबलावर द्या. ऑनलाइन मंजुरी हॉस्पिटलच मागतं. केमोच्या पुढच्या फेरीला मंजुरी पुन्हा लागते, तेव्हा फाइल घरी विसरू नका.

बहुतेकांचं घोडं अडतं ते मुलाच्या नावापाशी. रेशनकार्डात लेकराचं नावच नसतं, आणि जन्मदाखला काढून पाहावा तर नावाचा रकाना कोरा! शहरातला जन्म असेल तर महापालिकेच्या झोन ऑफिसात नाव चढवून घ्या. तोवर जन्मदाखला आणि आईवडिलांचं रेशनकार्ड दाखवा.

योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी मुख्यमंत्री सहायता निधी आहे. त्याला हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक, आजाराचे रिपोर्ट, रेशनकार्ड, आधार (लहान बाळ असेल तर आईचं) आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. उत्पन्न वर्षाला १ लाख ६० हजारांच्या आत हवं. दाखल्यासाठी सेतू केंद्रात आजोबा किंवा काका गेले तरी चालतं; आईला वॉर्डातून उठवू नका.

मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात पाठवलं तर रिपोर्टसोबत बायॉप्सीचे ब्लॉक आणि स्लाइडही (मेणात आणि काचेवर जपलेले गाठीचे नमुने) मागून घ्या. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म डॉक्टरांकडून सही-शिक्क्यासह घ्या: स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाचं भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. हे तिकीट मोबाइलवर निघत नाही, स्टेशनच्या खिडकीवरच जावं लागतं.