माचा आणि ग्रीन टी पावडर: हिरवा रंग सारखा, जात वेगळी

‘माचा घरी करून बघितला, कडूजहर लागला,’ असं कुणी म्हणालं की मी आधी डबा बघायला मागते. पुष्कळदा आत माचा, म्हणजे जपानी हिरव्या चहाचं ते खास बारीक पीठ, नसतोच. असते ती साधी ग्रीन टीची पावडर. दोन्ही एकाच झाडाच्या पानांची, दोन्ही दळलेली, दोन्ही पाण्यात मिसळून पानासकट प्यायची. मग दळण जरा जाडं-बारीक असेल, इतकाच फरक, असं वाटणं साहजिक आहे. पण खरा फरक दळण्याच्या कितीतरी आधी, मळ्यातच पडलेला असतो.

माच्यासाठी राखलेल्या झाडांवर खुडणीच्या साधारण तीन आठवडे आधीपासून सावली धरतात. पूर्वी बोरूच्या चटया आणि भाताचा पेंढा घालत, आता बहुतेक ठिकाणी काळं जाळीदार कापड. चहाच्या पानात थिॲनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. माच्याची ती गोडसर, तोंडात रेंगाळणारी चव त्याची. भरपूर ऊन मिळालं की थिॲनिन खर्ची पडून कॅटेचिनं नावाची द्रव्यं वाढतात, आणि तुरटपणा येतो तो त्यांच्यामुळे. सावलीत ही क्रिया मंदावते. शिवाय कमी उजेडात भागवायचं म्हणून पान हरितद्रव्य वाढवतं. माच्याचा तो झगझगीत हिरवा रंग तिथून आलेला असतो.

खुडलेलं पान लगेच वाफवतात, म्हणजे ते काळपटत नाही. मग न वळता (म्हणजे पिळून गुंडाळी न करता) तसंच वाळवतात, देठ आणि शिरा काढून टाकतात. उरतं त्याला तेन्चा म्हणतात. तेन्चा दळला की माचा. उत्तम माचा ग्रॅनाइटच्या जात्यावर दळतात, आणि एका जात्यातून तासाभरात जेमतेम 40 ग्रॅम पडतो. घाईने दळलं तर पीठ तापतं, वास उडतो. किंमत का चढी, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. (सगळाच माचा जात्यावरचा नसतो, स्वस्तातला यंत्रावर दळतात.)

ग्रीन टी पावडरीचं पान बहुधा उघड्या उन्हात वाढलेलं, वळून वाळवलेलं आणि यंत्रात दळलेलं असतं. ती काही भेसळ नव्हे. जपानमध्ये फिरत्या पट्ट्यावर सुशी मिळते त्या हॉटेलांत टेबलावर डब्यात अशीच पावडर ठेवलेली असते; चिमूटभर घ्या, गरम पाणी ओता, झालं. तक्रार आहे ती तिला माचा म्हणून विकण्याबद्दल. आणि घरी मिक्सरमध्ये ग्रीन टीची पानं फिरवून मिळते तीही पावडरच.

ओळखायचं कसं? आधी घटकांची यादी वाचा. साखर किंवा दूध पावडर दिसली तर ते तयार मिश्रण, दोन्हींपैकी काहीच नाही. यादीत तेन्चाचा उल्लेख किंवा उजी, निशिओ अशा माच्यासाठी नावाजलेल्या जपानी गावांचं नाव असेल तर चांगली खूण. मग चिमूटभर पांढऱ्या कागदावर ओढा: माचा उजळ हिरवा आणि बोटाला अगदी मऊ लागतो, पावडर पिवळट किंवा मातकट हिरवी आणि किंचित खरखरीत. जुना माचाही पिवळा पडतो, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. ‘सेरेमोनियल ग्रेड’ (चहा-समारंभाच्या दर्जाचा) या शिक्क्यावर तर मुळीच नको. जपानमध्ये त्याची अधिकृत व्याख्याच नाही.

करण्याची रीतही वेगळी. माचा 2 ग्रॅम चाळून घ्या, नाहीतर गुठळ्या फुटत नाहीत. 70 ते 80 अंशांचं पाणी 60-70 मिली. उकळतं पाणी ओतलंत तर सावलीत कमावलेली गोडी तुरटपणाखाली दडपते. बांबूची चासेन (माचा फेसायची बारीक काड्यांची कुंचली) आधी कोमट पाण्यात भिजवा आणि रवीसारखी गोल न फिरवता मनगटाने पुढे-मागे झपझप हलवा; पंधरा-वीस सेकंदांत बारीक फेस येतो. चासेन नसेल तर दुधाचा फेस करायचं बॅटरीवरचं यंत्र चालेल, किंवा झाकणाची बाटली. ग्रीन टी पावडरीला हे सोपस्कार नकोत. तिच्यावर असा फेसही धरत नाही, आणि गाळ लवकर तळाशी बसतो.

कॅफीन मात्र विसरू नका. 2 ग्रॅम माच्यात साठेक मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ 100 मिली कॉफीइतकं. झोपायच्या आधी नको.

नुसत्या पाण्यात प्यायचा असेल तर माचाच घ्या आणि छोटा डबा घ्या. दूध-साखर घालून लाटे करायचं असेल तर मधल्या दर्जाचा पुरतो. केक-बिस्किटांसाठी पावडर चालून जाते, फक्त रंग काळवंडेल. उघडलेला डबा उजेड आणि हवेपासून जपून फ्रीजमध्ये ठेवा, महिन्या-दीड महिन्यात संपवा. फ्रीजमधून काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. आत दमटपणा धरला की पीठ गोळा होतं.