कानशिलावरून मेंदूकडे काढलेला पाट

कानाच्या पुढे, गालाच्या हाडावर बोट टेकवलं की एक नाडी उडताना लागते. ही कानशिलाची वरवरची धमनी. डोक्याच्या कातडीला रक्त पुरवणं हे तिचं काम. पण कातडीला पुरवठा करणाऱ्या इतरही धमन्या असतात, त्यामुळे हिचं रक्त दुसरीकडे वळवलं तरी सहसा भागतं. आतला मेंदू उपाशी असेल तर हीच धमनी कवटीच्या आत घ्यायची आणि मेंदूच्या पृष्ठभागावरच्या धमनीला शिवायची, याला मेंदूचा बायपास म्हणतात. 1967 साली झुरिकमध्ये मेंदूचे सर्जन याशारगिल यांनी तो माणसावर केला. त्याआधी अमेरिकेत व्हरमाँटमध्ये डोनाघी यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक धमन्या शिवायचा सराव केला होता.

मेंदूचा झटका (पक्षाघात) आल्यावर तासाभरात धावपळ करून करायचं हे ऑपरेशन नाही. तिथे अडकलेली गुठळी विरघळवतात किंवा जांघेतून नळी घालून ओढून काढतात. बायपास असतो तो हळूहळू उपाशी पडत चाललेल्या मेंदूसाठी. 100 ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण 50 मिली रक्त लागतं. ते 20 च्या आसपास उतरलं की पेशी जिवंत राहतात, पण काम थांबवतात. 10 च्या खाली गेलं की मरतात. या मधल्या पट्ट्यात अडकलेल्या मेंदूला वाचवायचं, हा सगळा हिशेब.

हिशेब कागदावर बिनचूक वाटतो, प्रत्यक्षात तो फसलाही. 1985 साली 1377 रुग्णांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली आणि मेदाच्या थरांनी अरुंद झालेल्या धमन्यांसाठी बायपासचा फायदा दिसला नाही. तेव्हा नेमके उपाशी मेंदू निवडलेच नव्हते, असा आक्षेप आला. 2011 च्या चाचणीत ते स्कॅन करून निवडले. दोन वर्षांनी झटक्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच निघालं, कारण ऑपरेशनच्या गटात पहिल्या 30 दिवसांतच 14.4 टक्के रुग्णांना झटका आला होता. नुसत्या औषधांवर असलेल्यांत हे प्रमाण 2 टक्के होतं. शिवलेल्या धमन्या बहुतेक वाहत होत्या, बरं का. टाका जमला म्हणजे रुग्ण जिंकला, असं नाही.

मग हे ऑपरेशन टिकलं कुठे? मुख्यतः मोयामोया या आजारात. यात मेंदूकडे जाणाऱ्या मुख्य धमन्यांची टोकं आतून बंद होत जातात आणि तळाशी बारीक वाहिन्यांचं जाळं तयार होतं. अँजिओग्राफीत ते धुराच्या लोटासारखं दिसतं, म्हणून सुझुकी आणि ताकाकू यांनी 1969 मध्ये हे जपानी नाव रूढ केलं. या नाजूक जाळ्यातून रक्तस्राव झालेल्या 80 प्रौढांवर जपानमध्ये चाचणी झाली. पाच वर्षांत पुन्हा रक्तस्राव झाला तो ऑपरेशन केलेल्यांपैकी 11.9 टक्क्यांना, न केलेल्यांपैकी 31.6 टक्क्यांना.

ऑपरेशनच्या वेळी डोकं विरुद्ध बाजूला वळवून, डॉपलर या रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राने आवाज ऐकत धमनीची वाट कातडीवर पेनाने आखतात. ती उकलून सोडवायची, पण भोवतीच्या पेशींची बारीक पट्टी तिच्यासोबत ठेवायची. उघडी ओढली की ती आकसते. आकसलीच तर वरून पॅपॅव्हरिन या धमनी सैल करणाऱ्या औषधाचे थेंब. मग कवटीचा तुकडा काढून, आवरण उघडून मेंदूवरची सुमारे 1 मिमी जाडीची धमनी निवडतात. तिच्याखाली रंगीत रबराचा चिटोरा सरकवतात, नाहीतर धागा दिसतच नाही. दोन बाजूंना चिमुकल्या क्लिपा, मध्ये 2-3 मिमीची चीर. दात्या, म्हणजे कानशिलाच्या धमनीचं टोक तिरकं कापून हेपरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या सलाईनने धुतात. पहिले दोन टाके दोन कोपऱ्यांत, मग दोन्ही कडांना मिळून आणखी सात-आठ. धागा 10-0 नायलॉनचा, केसाच्या निम्म्याहून बारीक. सराव कोंबडीच्या पंखातल्या धमनीवर करतात; तीही साधारण 1 मिमीचीच.

नेहमीची चूक म्हणजे पुढचा काठ शिवताना सुई मागच्या भिंतीतून जाते आणि वाटच शिवली जाते. दुसरी, धमनीचं आतलं अस्तर टाक्यात न येणं. मग तिथे गुठळी धरते. म्हणून क्लिपा काढल्यावर शिरेतून हिरवा रंग सोडून सूक्ष्मदर्शकातच प्रवाह पाहतात. शेवटी हाडाचा तुकडा परत बसवताना खालच्या बाजूला फट रुंद ठेवावी लागते, नाहीतर धमनी काठावर मुडपते. लहान मुलांत धमन्या फारच बारीक असल्या तर न शिवता कानशिलाची धमनी मेंदूला नुसती लावून ठेवतात. काही महिन्यांत तिथून नव्या वाहिन्या उगवतात.

भूल देणाऱ्याचं काम यात सर्जनइतकंच जोखमीचं. श्वास जलद झाला की कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि मेंदूच्या धमन्या आवळतात. म्हणूनच मोयामोया झालेलं मूल हमसून रडताना किंवा फुगा फुगवताना त्याचा हात लुळा पडू शकतो. ऑपरेशनआधी मुलाला रडू न देणं हा इथे उपचारच.

नंतरही बेत बिघडतो. वर्षानुवर्षं उपाशी राहिलेल्या भागात अचानक भरपूर रक्त आलं की दोन-चार दिवसांनी बोलणं अडखळतं, डोकं दुखतं, क्वचित फिट किंवा रक्तस्राव होतो. रक्तदाब चढला तर हा धोका, फार उतरला तर झटका, म्हणून तो अरुंद पट्ट्यात धरून ठेवतात. अ‍ॅस्पिरिन मनाने बंद करायची नाही. आणि कानापुढची ती नाडी आता मेंदूचं रक्त नेते, तेव्हा डोक्याला घट्ट पट्टी नको, त्या बाजूला चष्म्याची काडी रुतायला नको. चष्मेवाल्याकडून ती सैल करून घ्यावी.