तिसरा क्लच का जळाला?

बेळगावजवळ खानापूर तालुक्यात, जांबोटी रस्त्याला आमच्या पाहुण्यांची काजूची बाग आहे. जांभ्याचा चढ, मधे ओढा, पावसाळ्यात घोट्याएवढा लाल चिखल. माझा भाचा आणि त्याचे इंजिनिअरिंगचे तीन मित्र यांनी पाइप वाकवून, वेल्डिंग करून एक छोटी बग्गी बांधली आणि ती या बागेत फिरवायला घेतली. इंजिन १९६ सीसीचं, शेतातल्या पाण्याच्या पंपाला असतं तसलं. गाडी सपाटीला झकास पळते. पण एका वर्षात तीन क्लच, म्हणजे इंजिनाची ताकद चाकाकडे जोडणारे-तोडणारे भाग, गेले. परवा भाचा तिसऱ्या क्लचचा ड्रम, म्हणजे त्याची बाहेरची लोखंडी वाटी, वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आला. म्हणाला, "मामा, हा बघा, हा पण गेला. आता हेवी ड्युटी घालू की काय?"

ड्रम उजेडात धरला. आतली कड निळी-जांभळी झालेली. पोलाद तापलं की त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि थराच्या जाडीप्रमाणे रंग बदलतो. सुमारे २२० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, २८० च्या आसपास जांभळा, ३०० च्या पुढे निळा. उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, लेथवर उभ्या असणाऱ्या कुठल्याही माणसाला हे रंग तोंडपाठ असतात, कारण टूल तापलं की निघणारा बुरा असाच निळा पडतो. म्हणजे हा ड्रम ३०० अंशांपर्यंत गेला होता. क्लच निवडायचा तर आधी एवढी उष्णता आली कुठून हे विचारायला हवं. जाड क्लच घेणं हे त्याचं उत्तर नाही.

या बग्गीत असतो तो अपकेंद्री क्लच आपल्या ओळखीचा आहे. १९७२ साली आलेली लूना याच क्लचवर चालायची, आणि आज शेंगांची पोती घेऊन गावोगाव फिरणारी टीव्हीएस एक्सएलसुद्धा. क्लचचा दांडा नाही, गिअर नाही. गाडी चालू करून उभी ठेवा, जागची हलत नाही. रेस द्या, निघाली. त्यातली सगळी करामत गोफणीची आहे. जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणाऱ्याला माहीत असतं की दगडाला सरळ जायचं असतं आणि दोरी त्याला अडवते. क्लचमध्ये दगडाच्या जागी लोखंडी शू, म्हणजे ड्रमच्या आत बसणारे वक्र तुकडे, असतात आणि दोरीच्या जागी स्प्रिंग. इंजिन संथ फिरत असेल तर स्प्रिंग शूंना आत धरून ठेवते. वेग वाढला की शू बाहेर सरकतात, ड्रमच्या आतल्या भिंतीला टेकतात आणि घर्षणाने ड्रम ओढू लागतात. ड्रमवर चेनचं चाक बसवलेलं असतं, तिथून ताकद मागच्या आसाला जाते.

आता मला सर्वात आवडणारी गोष्ट. शूचं बाहेर जाण्याचं बल फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे वाढतं. फेरे दुप्पट तर बल चौपट. अंदाज यावा म्हणून आकडे धरू: एक शू १०० ग्रॅमचा, मध्यापासून ४ सेंटिमीटरवर. मिनिटाला १४०० फेरे, म्हणजे इंजिन नुसतं गुरगुरतंय, तेव्हा हा शू ८६ न्यूटनने बाहेर ढकलतो. २००० फेऱ्यांना १७५ न्यूटन, म्हणजे १८ किलोचं पोतं लटकवल्यासारखं. ३६०० फेऱ्यांना ५६८ न्यूटन. मुठीत मावणारा लोखंडाचा तुकडा ५८ किलोच्या माणसाएवढा भार देतो!

स्प्रिंग बरोबर १७५ न्यूटनची असेल तर २००० फेऱ्यांना शू ड्रमला टेकेल. पण टेकणं म्हणजे पकडणं नव्हे. त्या क्षणी सगळं बल स्प्रिंगच खाऊन टाकते, भिंतीवर दाब शून्य. वेग वाढेल तसा स्प्रिंगला पुरून उरलेला भागच घर्षणाच्या कामी येतो. चार शू, घर्षणांक ०.३ आणि ड्रमची आतली त्रिज्या साडेपाच सेंटिमीटर धरली तर २४०० फेऱ्यांना हा क्लच ५ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) पेलतो, २८०० ला ११, आणि ३६०० ला २६. इंजिनाचा सर्वात जास्त टॉर्क १२ च्या आसपास आणि तो मिळतो २५०० फेऱ्यांजवळ. म्हणजे २००० ते २८०० हा सगळा पट्टा घसरणीचा. इंजिन पुढे, ड्रम मागे, आणि मधल्या फरकाची उष्णता. क्लचच्या डब्यावर जो वेग छापलेला असतो तो शू टेकण्याचा, पूर्ण पकडीचा नाही. क्लच विकत घेताना नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो असं माझं मत आहे.

आता उष्णतेचा हिशोब. गाडी चिखलात अडकलीय, चाक हलत नाही, ड्रम जागेवर उभा आणि भाचा रेस देतोय. इंजिन २७०० फेऱ्यांवर १० न्यूटन-मीटरने ओढतंय असं धरलं तर सुमारे २८०० वॉट ताकद निघते आणि चाकाकडे शून्य जाते. सगळी ताकद ड्रममध्ये. घरातली कपड्यांची इस्त्री १००० वॉटची असते. इथे दोन इस्त्र्यांहून जास्त उष्णता मुठीएवढ्या लोखंडात ओतली जातेय. अर्धा किलोचा ड्रम एक अंश तापायला साधारण २४० ज्यूल लागतात. थोडी उष्णता हवेत जाते ती सोडली, तर ड्रम सेकंदाला जवळपास बारा अंशांनी तापतो. अर्ध्या मिनिटात निळा रंग. त्याच तापात स्प्रिंगचा ताव उतरतो. ढिली स्प्रिंग शूंना लवकर सोडते, मग शू इंजिनाच्या गुरगुरीतच ड्रमला घासत राहतात. क्लच एकदा असा तापला की पुढच्या वेळी अजून लवकर तापतो, ते या कारणाने.

पण भाचा म्हणाला, गाडी नेहमी अडकत नाही, नुसत्या चढालाही वास येतो. तेव्हा आम्ही चाकापासून उलटा हिशोब केला. टायर १६ इंची, एका फेऱ्यात गाडी सव्वा मीटर पुढे जाते. चेनचं पुढचं चाक १० दात्यांचं, मागचं ६०, म्हणजे गुणोत्तर ६: ड्रम सहा वेळा फिरला की चाक एकदा. क्लच २००० फेऱ्यांना टेकतो, तेव्हा चाक मिनिटाला ३३३ फेरे, म्हणजे ताशी २५ किलोमीटर. वाक्य पुन्हा वाचा. ताशी २५ च्या खाली हा क्लच पूर्ण बसूच शकत नाही. आणि काजूच्या बागेत, चढाला, चिखलात कोण पंचवीसने जातं? मुलं ताशी आठ-दहाने चालवत होती, म्हणजे क्लच पूर्ण वेळ हाफ क्लचवर. अशा क्लचला हेवी ड्युटी म्हणा नाहीतर काहीही म्हणा, तो जळणारच.

चढाचा हिशोब याहून स्पष्ट आहे. गाडी आणि चालक मिळून २०० किलो. चार मीटरला एक मीटर असा चढ आणि वर चिखलाचा अडसर धरला तर सुमारे ६६५ न्यूटनची ओढ लागते. चाकाशी १३३ न्यूटन-मीटर. इंजिनाचे १२ गुणिले ६ म्हणजे ७२. निम्मंच. कमी पडतंय ते गुणोत्तर, क्लच बिचारा मधे चिरडला जातोय. खानापूरच्या जांभ्यात पाणी पटकन मुरतं, पण चिकोडी-अथणीकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात हीच गाडी नेली तर टायरला माती चिकटून अडसर आणखी वाढेल.

म्हणून अशा गाडीला मी साधा क्लच सुचवत नाही. बाजारात ज्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात तो घ्यावा. नाव फसवं आहे, कारण ऑटोमॅटिक मोटारीत तेलावर चालणारं यंत्र ते वेगळंच. हे म्हणजे दोन पुल्या आणि एक रबरी बेल्ट. १९५८ साली हॉलंडमध्ये हुब व्हान डोर्न यांनी डाफ मोटारीत हे तत्त्व आणलं, आणि आपल्याकडे १९८४ च्या कायनेटिक होंडापासून ते दारात आलं. आजच्या बिनगिअरच्या स्कूटरमध्ये हेच असतं.

इंजिनाकडची पुली दोन तबकड्यांची. वजनं बाहेर सरकली की तबकड्या जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. मागची पुली उघडत जाते आणि बेल्ट खाली उतरतो. सुरुवातीला गुणोत्तर २.७, वेग आला की ०.९. खरी गंमत मागच्या पुलीत आहे. तिच्या एका तबकडीला तिरपी खोबण असते. चढ लागला, चाकाने ओढ घेतली, की ती तबकडी खोबणीवरून सरकून बेल्टला अधिक आवळते, बेल्ट बाहेर ढकलला जातो आणि गुणोत्तर आपोआप २.७ कडे परत जातं. चढ आला हे ती पुली स्वतः ओळखते, ना तार, ना सेन्सर. चेनचं ६ चं गुणोत्तर कायम ठेवलं तर एकूण १६. चाकाशी १९४ न्यूटन-मीटर, चढाला पुरून उरतात. पकड बसण्याचा वेग ताशी ९ वर येतो. सपाटीला गाडी सोडतानाही फरक पडतो: घसरत निघताना क्लचमध्ये जेवढी उष्णता होते तेवढीच गतिज ऊर्जा गाडीला मिळते, आणि ती वेगाच्या वर्गावर असते. त्यामुळे गुणोत्तर २.७ पट झालं की दर वेळी गाडी सोडतानाची उष्णता सातेक पट घटते.

सपाट मैदानावर, दोन चकरा मारायला, साधा क्लच स्वस्त आणि चांगला. तो घेताना व्हर्निअर (बारीक माप घ्यायची पट्टी) घेऊन जावं. अशा इंजिनांचा शाफ्ट १९.०५ मिलिमीटर म्हणजे पाऊण इंच असतो किंवा २० मिलिमीटर. पाऊण इंचाच्या शाफ्टवर २० चा क्लच बसवला तर तो डुगडुगतो आणि शाफ्टच्या खाचेत बसणारी पाचर (key) ती खाच खाऊन टाकते. चेनची पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, हीही मोजावी, ९.५२५ मिलिमीटर की १२.७. चेनचं चाक शक्यतो इंजिनाकडे ठेवून बसवावं, म्हणजे शाफ्टवर वाकवणारा जोर कमी येतो. ड्रमच्या आत ग्रीस अजिबात नको. तेल लावायचं ते फक्त मधल्या बुशला, एक थेंब. शूला तेल लागलं तर घर्षणांकच पडतो आणि वरचा सगळा हिशोब कोसळतो.

दुसरा क्लच गेल्यावर घरातल्यांनी गाडीला बिब्बा आणि लिंबू-मिरची बांधली होती, दृष्ट लागली म्हणून. खंडेनवमीला यंत्राला हळद-कुंकू वाहण्यात मला कृतज्ञता दिसते, मी स्वतः वाहतो. पण दृष्टीने ड्रम निळा होत नाही, घसरण्याने होतो, आणि ते कागदावर दाखवता येतं. तसंच त्या डब्यावर 'दुप्पट पॉवर' छापलं होतं. क्लच ताकद तयार करत नाही, फक्त पुढे देतो. असं छापणाऱ्यावर विश्वास ठेवून पोरांचे खिसे रिकामे होतात, याचा मला राग येतो.

आता उद्यमबागेत मागची पुली बसवायचा आडवा शाफ्ट वळवायला टाकलाय. दोन्ही पुल्या एका रेषेत बसल्यात का हे बघायला भाचा लांब पट्टी घेऊन बसलाय. उरलं बेल्टचं झाकण. बेल्टवर पाणी उडालं की तो साबण लावल्यासारखा घसरतो, आणि जांबोटीचा पाऊस कसा असतो ते त्याला ठाऊक आहे. पत्र्याचं झाकण, खालच्या बाजूला पाणी निघायला भोक, आणि हवा यायला मागे जाळी, एवढं त्याने काल वहीत काढून दाखवलं.